शांती, भाग तीन

माझ्या नवऱ्याचं संगीत ऐकून लोकांना छान झोप लागते. लोक मला हे कौतुकाने सांगतात आणि मी कौतुकाने ऐकून घेते. ते संगीत तयार होत होतं तेव्हा आमच्या घरात कुणाचीच झोप पुरी होत नव्हती, हे सांगून त्यांचा विरस कशाला करा? तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. कागदावर 'तो' म्हणणार आहे. एवढी चैन आता परवडते.

ऐंशीच्या दशकात आम्ही अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. तो एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता आणि मी सकाळच्या शाळेत शिकवत होते. त्याच्याकडे लग्नाच्या आधीपासून एक संतूर होतं. त्यात उल्हासनगरच्या बाजारातून आणलेल्या जुन्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची भर पडली, आणि आमच्या बाहेरच्या खोलीत माणसांना बसायला जागा राहिली नाही. त्याच्या रचनेत शब्द नसायचे, तबला नसायचा. संतूर, मागे कीबोर्डचा एक लांबलचक सूर आणि मधूनच पाण्याचा आवाज. ते पाणी आमच्या मोरीतलं. अशा संगीताला 'न्यू एज' म्हणतात हे पुढे कळलं. तेव्हा शेजारच्या वहिनी दहा मिनिटं भक्तिभावाने ऐकायच्या आणि मग हळूच विचारायच्या, "गाणं कधी सुरू होणार?"

रेकॉर्डिंग शुक्रवारी व्हायचं. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, आणि बहुतेक शुक्रवारी दुरुस्तीच्या नावाखाली आमच्याकडे लाईटही नसायची. इतर लोक त्याबद्दल वीजवाल्यांच्या नावाने खडे फोडायचे. आमच्याकडे तो दिवस सणासारखा असायचा. लाईट नाही म्हणजे कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद, वहिनींचा मिक्सर बंद, समोरच्यांचा टेप बंद. तो ओळखीच्या गॅरेजमधून ट्रकची बॅटरी आणायचा, कीबोर्ड आणि रेकॉर्डिंगचा टेप-डेक तिला जोडायचा आणि दार लावून घ्यायचा. मग मी शाळेतून येऊन स्वयंपाकघरात बसून राहायची. कुकर लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही, बांगड्या काढून ठेवायच्या. आमची मुलगी चार वर्षांची असल्यापासून टाचा उचलून चालायला शिकली होती. माझं ते वय भराभर कामं उरकायचं होतं आणि मी दर शुक्रवारी दुपारभर हात बांधून भिंतीला टेकून बसायची. काही न करता माणूस इतका दमतो हे मला तिथे कळलं.

आणि मी दमून ऐकत असले तरी ऐकत होतेच. प्रत्येक रचना तो पंधरा-वीस वेळा वाजवायचा. त्यातली एक मला मनापासून आवडायची.

तिची हकिकत अशी. आमची मुलगी पोटात असताना आम्ही कधीकधी सुट्टीच्या दिवशी बदलापूरला उतरून बारवीच्या रस्त्याला फिरायला जायचो. तिथे सकाळच्या वेळी वाड्यांवरच्या ठाकूर-कातकरी बायका डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेऊन टेकडी उतरून बाजाराकडे यायच्या. त्या चालत नसत आणि पळतही नसत. गुडघे किंचित वाकवून, मान अगदी ताठ ठेवून, दुडक्या चालीने एकामागे एक निघायच्या. एकदा आम्ही तिथल्या चहाच्या टपरीवर बसलो होतो तेव्हा एकीला मी विचारलं, "अगं, सावकाश जा की, एवढी घाई कशाला?" ती न थांबता म्हणाली, "थांबलं का वझं जड व्हतं, बाय."

नवऱ्याने बाकावर बोटांनी ती चाल धरली. घरी येईपर्यंत ती त्याच्या बोटांतून सुटली नाही. पुढचे कित्येक शुक्रवार त्या एका रचनेत गेले. संतूरच्या दोन लाकडी काड्या इतक्या झपाट्याने आणि इतक्या हलक्या पडायच्या की मला त्या बायकांचे पाय दिसायचे. वर एकच सूर अजिबात न हलणारा, त्यांच्या ताठ मानेसारखा. त्यात घाम होता, दम होता आणि एक प्रकारची मस्तीही होती. रचनेला त्याने नाव दिलं 'मोळीवाल्या'.

कॅसेट काढायची तर कुठल्या कंपनीने आम्हाला दारात उभं केलं असतं? उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये एक सिंधी गृहस्थ भजनांच्या आणि भाषणांच्या कॅसेटच्या कॉप्या काढून विकायचे. माणूस अघळपघळ, चहा पाजल्याशिवाय न सोडणारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साईं, म्युझिक फर्स्ट क्लास आहे. पण मोळी कोण घेणार? लकडी का धंदा समजतील. मी 'शांती' लिहितो."

"पण हे शांत नाहीये," नवरा म्हणाला.

"लिहिल्यावर होईल," ते म्हणाले.

तेव्हा आम्ही त्यावर घरी येऊन पोट धरून हसलो. अशा रीतीने त्या सगळ्या रचना 'शांती' या नावाने, नंबर घालून निघाल्या आणि 'मोळीवाल्या' झाली 'शांती, भाग तीन'. कव्हरवर एक निळा डोंगर आणि पद्मासनातला माणूस.

कॅसेटी विकल्या गेल्या. फार नव्हे, पण थांबल्या नाहीत. ते सिंधी दुकानदार आम्हालाही ठरल्याप्रमाणे काही कॅसेटी द्यायचे, चकचकीत कागदात बंद केलेल्या. त्या आम्ही कधी फोडल्या नाहीत. मूळ टेप कॉप्या काढण्यापुरती दुकानात जायची, एरवी घरातच असायची; मग कॉपी कशाला फोडायची? बारशाला, साखरपुड्याला, नवीन जागेच्या पूजेला आम्ही त्याच द्यायचो. एका संक्रांतीला तर मी हळदीकुंकवाचं वाण म्हणून 'शांती' वाटली. त्या वर्षी बायका वाणाकडे बघून जरा गप्पच झाल्या, कारण आदल्या वर्षी स्टीलची गाळणी होती.

अशी काही वर्षं गेली. आम्ही बदलापूरला राहायला आलो. खुर्चीवर बसून वह्या तपासून माझी कंबर धरली होती, म्हणून डॉक्टरांनी योगासनं सांगितली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास, पण गेले. समाजमंदिरात एक बाई वर्ग घ्यायच्या. शेवटी सगळ्यांना शवासनात झोपवून त्यांनी टेप लावला.

पहिल्यांदा मला ते ओळखीचं वाटलं, पण कुणाचं ते कळेना. स्वप्नात आपलं घर दिसतं पण खोल्या भलत्याच ठिकाणी असतात, तसं काहीतरी. संतूरचा एकेक ठोका सावकाश, जड, खाली उतरलेला. मागचा सूर घुमत होता. आजूबाजूच्या बायका संथ श्वास घेत होत्या, एक तर घोरत होती. आणि मग माझ्या लक्षात आलं की या मोळीवाल्या आहेत. कुणीतरी त्यांचे पाय धरून ठेवले होते. मी शवासनातून उठून बसले. बाईंनी खुणेने झोपायला सांगितलं, मी झोपले नाही.

कॅसेट बघितली तर आमचीच, कॅम्प पाचची. घरी येऊन कपाटातल्या बंद कॅसेटींतली एक फोडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नवरा सेकंड शिफ्टला निघाला होता, चपला घातलेल्या. तो तसाच उभा राहून ऐकत राहिला. मग आमची मूळ टेप लावली. मग परत कॉपी. जाताना डबा विसरून गेला.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघं कॅम्प पाचला गेलो. मी भांडायच्या तयारीने गेले होते. दुकानदारांनी आधी चहा सांगितला आणि मग सरळ कबूल केलं. कॉप्या काढायच्या मशीनमध्ये मूळ टेप जिथे फिरते तिथला रबरी पट्टा ढिला होता. त्यामुळे मूळ टेप हळू फिरायची आणि कॉपीत सगळंच संथ आणि खालच्या सुरात उतरायचं. पहिल्या दिवसापासून.

"मग पट्टा बदलला का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"बदलला होता ना, ताई!" ते म्हणाले. "नया लावला, एकदम टाइट. पंधरा दिवसांत माल वापस. गिऱ्हाईक बोलतंय, ये डुप्लिकेट है, असली वाला दो. उल्हासनगरमध्ये बसून असली माल दिला आणि लोक डुप्लिकेट बोलतायत! मी काय करणार? परत ढिला केला."

मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. नवऱ्याला आलं नाही. तो मशीनकडे बघत होता. एखाद्याने आपल्याच घरात शिरून वर्षानुवर्षं आपल्या नावावर संसार केला असावा आणि शेजाऱ्यांना तोच पसंत असावा, असा त्याचा चेहरा झाला होता. परतताना रिक्षात तो एकच वाक्य बोलला. "एकदा तरी लोकांनी ते मी वाजवलं तसं ऐकायला पाहिजे."

त्यानंतर त्याच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. त्याने नवीन काही केलं नाही. मी म्हणायची, "अहो, झालं गेलं, दुसरं काहीतरी वाजवा." तो म्हणायचा, "आधी हे नीट होऊ दे." नव्वदच्या दशकात अंबरनाथमधल्या कंपन्या एकेक करून बंद पडल्या, त्यात त्याचीही पडली. तो एका औषधाच्या गोदामात जायला लागला, खोकी उचलायचं काम. मनगटं सुजायची. रात्री मी तेल चोळून द्यायची. संतूर पलंगाखाली गेलं आणि मला, खरं सांगते, जरा बरं वाटलं. घर पहिल्यांदा आवाजाचं झालं. मी कुकरच्या पाहिजे तेवढ्या शिट्ट्या केल्या.

आणि मग ठाण्याच्या एका छोट्या कंपनीचा माणूस घर शोधत आला. त्याला या जुन्या रचनांचं एकत्र संकलन काढायचं होतं, सीडीवर. योगाच्या वर्गांतून मागणी होती. त्याने हात जोडून सांगितलं, "सर, शांती तीनवर तर आमची आई आजारपणात झोपायची." नवऱ्याने त्याला पाणी दिलं आणि एकच अट घातली. दुकानातल्या कॉप्यांवरून काही घ्यायचं नाही. मूळ टेपवरूनच घ्यायचं, मूळ वेगात. त्या माणसाने वरवरच्या एक-दोन टेपा ऐकल्या, कपाळाला आठ्या घातल्या, पण कबूल झाला. मला आठवतं, त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने स्वतः जाऊन जिलबी आणली. इतक्या वर्षांनी त्याचं संगीत त्याच्या चालीने घराबाहेर पडणार होतं.

मूळ टेपा माझ्या कपाटात साड्यांच्या घडीत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या होत्या. बदलापूरच्या पावसात लाकडी दारं फुगतात, चामड्याच्या चपलांवर बुरशी येते, तिथे टेपेचं काय? बाकीच्या रचना निघाल्या, थोड्या खरखरीसकट निघाल्या. 'मोळीवाल्या'च्या टेपेवर मात्र पांढरी बुरशी धरली होती. मशीनवर चढवली तर चिकटून तिचे तुकडे झाले. कंपनीच्या रेकॉर्डिस्टने कॅसेटवरची कॉपी घेऊन वेग वाढवून बघितला. पण ढिल्या पट्ट्याचा वेग एकसारखा नसतो. ते दारुड्याच्या चालण्यासारखं झुलत ऐकू आलं.

कंपनीचा माणूस म्हणाला, "सर, एवढी एक कॅसेटवरूनच घेऊ. तीन नंबर नसेल तर लोक सीडी घेणारच नाहीत."

"नाही," नवरा म्हणाला. "मी परत वाजवतो."

त्याला महिन्याची मुदत मिळाली. पलंगाखालचं संतूर बाहेर आलं. गोदामातून आला की चहा पिऊन तो गॅलरीत बसायचा. मी पोळ्या करता करता ऐकायची. ती चाल मला त्याच्याइतकीच पाठ होती. अंबरनाथला भिंतीला टेकून बसून मी दुसरं केलं तरी काय होतं? तो थांबून आतल्या बाजूला मान वळवायचा आणि विचारायचा, "आली का?"

मी म्हणायची, "नाही आली."

खोटं बोलून त्याचं समाधान करता आलं असतं, पण कुणाला फसवायचं? सुरुवात यायची. चार पावलं त्या बायका नीट धावायच्या आणि मग मनगट अडायचं, काड्या मागे राहायच्या. तो गरम पाण्यात हात बुडवून परत बसायचा. डॉक्टरांचं मलम झालं, वैद्याचं तेल झालं. एकदा चिडून त्याने काड्या भिंतीवर फेकल्या आणि मग स्वतःच वाकून पलंगाखालून शोधून काढल्या. महिना संपत आला तेव्हा त्याने विचारणं बंद केलं. ते मला जास्त लागलं.

बदलापूरच्या बाहेर सोनिवलीच्या बाजूला तेव्हा नव्या बिल्डिंगा उठत होत्या. तिथे एका फ्लॅटमध्ये रेकॉर्डिस्टच्या मित्राचा स्टुडिओ होता, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. मी शाळेत रजा टाकून बरोबर गेले. काचेच्या अलीकडे मला खुर्ची दिली. पलीकडे तो मांडी घालून बसला, केस पांढरे, शर्टाची बाही कोपरापर्यंत सारलेली.

त्याने पहिल्यांदा वाजवलं आणि अर्ध्यात सोडलं. दुसऱ्यांदाही सोडलं. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले आणि मला दिसलं की त्याने खांदे सोडून दिले. आता काड्या घाई करत नव्हत्या. मनगटाला जेवढं झेपेल तेवढंच त्याने मागितलं. एकेक ठोका जड, सावकाश पडत गेला. कुठे चुकलं नाही, कुठे अडलं नाही. शेवटपर्यंत वाजलं.

रेकॉर्डिस्ट उठून उभाच राहिला. "परफेक्ट, सर! अगदी कॅसेटसारखं! सेम टू सेम!"

काचेतून नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. त्याच्या हातांना तो वेग आता राहिला नव्हता, एवढं आम्हा दोघांना कळलं होतं. कॅम्प पाचच्या त्या मशीनवर आम्ही इतकी वर्षं दात खाल्ले आणि शेवटी वयाने त्याला बरोबर त्याच वेगावर आणून बसवलं होतं.

मी माईकच्या बटणाशी वाकून म्हटलं, "झालं आता. घरी चला."

सीडी निघाली. बाकी सगळ्या रचना मूळ टेपवरून घेतलेल्या, त्याच्या तरुणपणच्या खऱ्या वेगाच्या, आणि तीन नंबरची ही नवी. कव्हरवर पुन्हा डोंगर. योगाच्या बाईंनी लगेच घेतली आणि आठवड्याने त्या घरी आल्या. बिचाऱ्या संकोचल्या होत्या. चहा घेतला, हवापाण्याचं बोलल्या, मग म्हणाल्या, "राग मानू नका, पण या सीडीत काहीतरी गडबड आहे. सगळं पळतंय. बायका म्हणतात डोळे मिटवत नाहीत. फक्त तीन नंबरचं तेवढं अस्सल आहे. ते ऐकलं की कळतं, हे तुमच्याच हातचं."

"हो," नवरा म्हणाला. "ते माझ्याच हातचं."

"मग बाकीचं कुणी वाजवलंय?"

मला वाटलं आता तो त्यांना सगळं समजावून सांगेल. ढिला पट्टा, मूळ टेप, बुरशी. त्याने कपातला उरलेला चहा संपवला.

"होता एक मुलगा, अंबरनाथला," तो म्हणाला. "चांगला वाजवायचा."

बाईंनी मान डोलावली आणि त्या बिस्किटाकडे वळल्या. मी कप उचलून आत आले. त्या मुलाशी माझं लग्न झालं होतं, आणि त्या संध्याकाळी मला त्याची फार आठवण आली.